सोनचाफ्याचा वास

चैत्रात आमच्या गावाकडच्या लहानशा घराचं अंगण मोगऱ्याने आणि सोनचाफ्याने भरून जातं. इथे आम्ही नवरा-बायको दोघंच राहतो. यंदा मात्र हे रोज सकाळी मला फुलं आणून देताना मोठ्याने म्हणू लागले, "काय सुंदर वास आहे गं!" जे इतक्या वर्षांत कधी बोलले नाहीत ते रोज बोलू लागले, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. त्यात परवा हे ओट्याशेजारी पेपर वाचत बसले होते आणि दूध पार करपलं, तरी यांना पत्ता नव्हता.

एवढ्या सहवासाने माणूस पाठ झाला असं आपण धरून चालतो. मग त्याचं एखादं वाक्य वेगळं वाटतं, आणि आपण आपल्याच माणसावर पाळत ठेवू लागतो. मला त्याची लाजही वाटत होती.

तरी काल मी म्हटलंच, "अहो, डोळे मिटा. कुठलं फूल ते ओळखा." आणि यांच्या नाकाशी जास्वंद धरली. तिला वास नसतोच.

यांनी लांब श्वास घेतला. "सोनचाफा."

मग यांनी डोळे उघडले. लाल फूल बघून मान खाली घातली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"माघात ताप आला होता ना, त्यातून उठलो तेव्हापासून."

"मग सांगितलं का नाही?"

"तू फुलं माळायचं सोडलं असतंस."

आणि मी खरंच सोडलं असतं.