कालचा आकडा

औशातल्या एका धर्मादाय दवाखान्यात महामाया सोनकांबळे एकोणीस वर्षं रक्त तपासत आली. तिचं यंत्र जुनं, त्याला जोडलेला कॉम्प्युटर त्याहून जुना. मार्चमध्ये दवाखान्यात नवे कॉम्प्युटर आले, एकमेकांना जोडले गेले. महामायाच्या यंत्राची मात्र त्यांच्याशी गाठ पडेना. नवं यंत्र परवडणारं नव्हतं. मग लातूरच्या कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या विनोदनं दोन्हींना जोडणारी एक डबी मधे बसवली, तिच्यासाठी छोटा प्रोग्राम लिहिला.

"मॅडम, आता हातानं लिहायची गरजच न्हाई," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी दुपारी पडद्यावर पार्वतीबाईंचा रिपोर्ट दिसला. साखर चारशे बारा. महामाया थबकली. सकाळी यंत्रावर तिनं स्वतः एकशे आठ वाचलं होतं. जुनं यंत्र रोज नंबर एकपासून मोजायचं आणि डबी तारीख बघतच नव्हती. आजचा आकडा पोचायच्या आतच रिपोर्ट निघाला, म्हणून काल त्याच नंबरवर असलेल्या माणसाची साखर पार्वतीबाईंच्या नावावर पडली होती.

ती डॉक्टरांकडं धावली. "पार्वतीबाई कुठंयत?"

"गेल्या की घरी. इन्सुलिन वाढवून दिलंय."

"रिपोर्ट चुकलाय सर! सगळेच थांबवा!"

डॉक्टरांनी पार्वतीबाईंच्या घरी फोन लावला. नुसता वाजत राहिला. महामायानं साखर तपासायचं छोटं मशीन पर्समध्ये टाकलं आणि स्कूटी काढली. बाईंचं गाव अकरा किलोमीटर. चार दिवसांत असे किती रिपोर्ट गेले? कुणाकुणाच्या घरी?

दारातच सून सुकन्या रडवेली उभी होती. "सुई घेतली न् मी जेवायला वाढत होते, तर ह्या अशा करायला लागल्या!"

पार्वतीबाई बाजेवर घामानं भिजल्या होत्या. जीभ जड झालेली. बोटातल्या रक्ताच्या थेंबात साखर अवघी शेहेचाळीस.

"पाण्यात साखर विरघळवून आणा, लवकर!"

महामायानं त्यांना बसतं केलं, चमच्या-चमच्यानं पाणी पाजलं. ते गिळतायत ना, एवढंच बघत राहिली. वीस मिनिटांनी मशीननं ब्याण्णव दाखवलं.

"कोण गं तू?" बाईंनी विचारलं.

"दवाखान्यातली. चूक आमची झाली, मावशी." एवढं बोलून ती बाजेजवळ खाली बसली.

चार दिवसांचे रिपोर्ट तपासले तेव्हा आणखी तीन चुकीचे निघाले. तिघंही सुखरूप सापडले. विनोदनं पांढऱ्या चेहऱ्यानं प्रोग्राम दुरुस्त केला, नंबरासोबत तारीख घातली. पुढं दोन महिने महामाया प्रत्येक आकडा वहीत लिहून पडद्याशी ताडत होती.

"आता पुरे की," डॉक्टर म्हणाले.

तिनं मान डोलावली. पण दुसऱ्या दिवशीही प्रत्येक आकडा वहीत लिहिला.