पत्रकाची कोरी बाजू

रस्त्यात कुणी हातात पत्रक कोंबलं, तर त्याची कोरी बाजू तुम्ही कधी उलटून पाहता का? नाही ना? मीही पाहत नव्हतो. मी तर पत्रकं लिहिणारा माणूस. माझ्या दृष्टीनं कागदाला एकच बाजू असायची, आणि ती बाजू अर्थातच माझी. दुसरीही बाजू असते हे मला धाकट्या मामानं शिकवलं. शिकवलं म्हणजे, तो काही बोलला नाही.

एखादी वस्तू निवडण्यात या मामाचा हात धरणारा माणूस अख्ख्या अहमदनगर जिल्ह्यात सापडायचा नाही. नागापूरच्या एका कारखान्यात तो टूलरूममध्ये फिटर. व्हर्निअर कॅलिपर, म्हणजे केसाएवढं माप घेणारं हत्यार, हे त्याचं सहावं बोट. भाकरी सगळीकडून सारख्या जाडीची आहे का, हे तो एकदा खरोखर मोजून बसला होता आणि त्या दिवशी मामीनं त्याला दुसरी भाकरी वाढली नाही. चप्पल घ्यायला गेला की दुकानदार दुपारचा डबा खाऊन घ्यायचा. असल्या माणसानं नव्वदचं दशक संपत आलेलं असताना ठरवलं, की आपण कॉम्प्युटर घ्यायचा. तयार नाही, सुटे भाग निवडून, स्वतः जोडून. आणि तोही हिशेब-बिशेब करायला नाही, तर गेम खेळायला!

गेम एकच. रणगाड्याचा. मामा विशीत असताना भरतीच्या रांगेत उभा राहिला होता. सगळं पास झालं, पण छाती फुगवल्यावर पाव इंच कमी भरली. तेव्हापासून त्याचा मोजपट्टीवरचा विश्वास उडाला आणि व्हर्निअरवर बसला. आमच्या नगरात रणगाड्यांचं लष्करी केंद्र, त्यामुळे ते कुणाला नवे नाहीत, रस्त्यानं जाताना दिसले तर लोक फक्त धूळ चुकवतात. पण केडगावहून सायकलीवर निघालेला मामा रणगाडा दिसला की खाली उतरायचा आणि तो नजरेआड होईपर्यंत हँडल धरून सावधान उभा राहायचा. कितीदा त्याला लेटमार्क लागला असेल, ते कारखान्यालाच माहीत. "येकदा आत बसून बघायचंय," एवढंच म्हणायचा. खऱ्यात जमलं नाही, तर पडद्यावर.

आणि मी कोण? जयंतीच्या पत्रकांवर अक्षरं गिरवून मोठा झालेला, वयाच्या बाविसाव्या वर्षी जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं छापून वाटणारा त्याचा भाचा. मी युद्धाच्या विरोधात, बाजाराच्या विरोधात आणि त्या सुमारास खास करून कॉम्प्युटर गेमच्या विरोधात होतो. 'संगणकाचे खेळ : नव्या गुलामीचा पिंजरा!!!' हे माझं पिवळं पत्रक त्याच वर्षी निघालं. दोन्ही बाजू छापायला प्रेसवाला जास्त मागायचा, म्हणून एकाच बाजूला छापलेलं. उरलेला गठ्ठा मामाकडे होता. मला वाटायचं, मामा माझे विचार वाचतो. मामा मागच्या कोऱ्या बाजूवर शिसपेन्सिलीनं मदरबोर्ड काढायचा.

मदरबोर्ड म्हणजे ती मोठी हिरवी पाटी, जिच्यावर कॉम्प्युटरचं बाकी सगळं बसतं. ती निवडायला मामानं दोन वर्षं लावली. मामीला बघायला गेला तेव्हा चहा संपायच्या आत होकार देऊन आला होता. मामी हे सगळ्यांना सांगायची आणि वर म्हणायची, "माझी कुठं गॅरंटी मागितली हुती कुनी!" त्यानं पुठ्ठ्याचा एक मदरबोर्ड तयार केला होता, अगदी मापात, खाचा रंगवलेला. रविवारी त्यावर पुठ्ठ्याचीच कार्डं बसवून बघायचा. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर रणगाडा पळवणारं कार्ड, मात्र त्यानं आधीच आणून ठेवलं होतं. घोड्याचा पत्ता नाही आणि नाल तयार, असा प्रकार! ते कार्ड चंदेरी पिशवीत, पिशवी स्टीलच्या डब्यात आणि डबा मामीच्या लुगड्यांखाली.

अडलं होतं खाचांवर. ग्राफिक्स कार्डाला तपकिरी रंगाची नवी खाच लागायची. ती मामाला हवीच होती. पण त्याला त्याच बोर्डावर एक जुनी, लांब, काळी खाचही हवी होती. नव्या बोर्डांवरून काळ्या खाचा नाहीशा व्हायला लागल्या होत्या आणि जुन्यांवर तपकिरी नव्हती. केडगावच्या कॉम्प्युटर क्लासचे सर त्याला हसायचे. "अहो, काळी खाच आता कोण वापरतं? काय करायचीय?"

"लागती," मामा म्हणायचा.

आणि फारच छेडलं, तर म्हणायचा, "सर, मदरबोर्ड कसा पायजे? शिंगनापुरासारखा. दारच न्हाई. जुनं आलं, आत ये. नवं आलं, तू बी आत ये."

अखेर दोन्ही खाचा असलेला एक बोर्ड त्याला एका छापील यादीत सापडला. पुण्यात तो मिळणार होता. पण कारखान्यात तेव्हा रजा मिळेना, म्हणून त्यानं मला पाठवलं. बोर्डाचं नाव, नंबर, खाचांचं चित्र, सगळं त्यानं एका कागदावर लिहून माझ्या खिशात घातलं. कागद अर्थातच पिवळा. मागच्या बाजूला माझी गुलामी आणि माझा पिंजरा. "हरवू नको रं," मामा म्हणाला. मी हसलो. पत्रक हरवणारा माणूस वेगळा, मी नव्हे!

मी हरवलं नाही. मी ते वाटलं.

एसटीत बसल्यावर माझे हात शिवशिवायला लागतात. सुप्याच्या पुढं मी उभा राहिलो आणि मामाकडच्या गठ्ठ्यातून आणलेली पिवळी पत्रकं सीटमागून सीट देत गेलो. शेवटच्या सीटवर बंडी घातलेले एक आजोबा होते. त्यांच्यापाशी आलो आणि गठ्ठा संपला. "आमाला न्हाई व्हय?" ते म्हणाले. आता विचार करा, ज्याला समतेची एवढी चाड, तो एका माणसाला वंचित कसा ठेवेल? मी खिशातलं काढलं आणि दिलं. आजोबांनी घडी बंडीच्या खिशात सारली आणि ते शिरूरला उतरले. पुण्यात उतरल्यावर मी खिसा चाचपला.

कारखान्यात फोन करता आला असता. पण आपण काय करून बसलो हे मामाला सांगायचं म्हणजे लाज, आणि मी लाजेला 'तत्त्व' म्हणायचो. शिवाय एक गोष्ट पक्की आठवत होती. दोन वर्षं मामा जिच्यासाठी भांडत होता, ती काळी खाच.

"काळ्या खाचांचा दाखवा," मी दुकानात म्हणालो.

"किती पाहिजेत?"

"जितक्या असतील तितक्या!"

दुकानदाराच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मी ओळखायला हवा होता. त्यानं माळ्यावरून धूळ झटकत एक खोका काढला. काळ्या खाचाच खाचा. पण माणूस सज्जन होता. म्हणाला, "साहेब, गेमसाठी असेल तर हा नका घेऊ. नवा घ्या." झालं! नवं म्हणजे चांगलं, ही बाजाराची थाप मी तीन पत्रकांत उघडी पाडलेली होती. मी त्याला तिथंच उभ्यानं चौथं पत्रक तोंडी ऐकवलं आणि तो जुना बोर्ड विजयानं काखेत मारून निघालो. बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलं होतं. माझ्यासारख्यानं छापील मजकूर वाचायला हवा होता, पण मला फक्त स्वतःचाच वाचायची सवय.

संध्याकाळी मामानं साबणानं हात धुतले, सतरंजीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि खोका उघडला. डब्यातून ग्राफिक्स कार्ड काढलं आणि बोर्डावर धरलं. मग थोडं इकडं सरकवलं. थोडं तिकडं. जिथं तपकिरी खाच असायला हवी, तिथं तो बराच वेळ बोट फिरवत राहिला.

"मामा, कागद... मी एसटीत वाटला."

मामानं कॅलिपर उचलला. मला वाटलं, आता फेकून मारणार.

"मजबूत हाय बोर्ड," तो म्हणाला.

मग कार्ड पिशवीत घालून त्यानं खाटेखालून एक फडकं ओढलं. त्यात दुसरंच एक कार्ड होतं, लांबलचक, जुनं. कारखान्याच्या भंगारात निघालेलं, कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं उमटवणारं. ते त्यानं काळ्या खाचेत टेकवलं आणि अंगठ्यानं दाबलं. टक्कन बसलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

मामा कार्डाला स्क्रू शोधायला लागला. चुलीपाशी बसलेली मामी बोलली, "काळी खाच तुझ्यासाठी हुती रं. तुझी पत्रकं घरी निघावी म्हनून. तपकिरी तेवढी त्यांची."

बाकीचे भाग आणि प्रिंटर हळूहळू भंगारातून जमले, आणि तेव्हापासून माझी पत्रकं मामाच्या घरी निघतात. मामा दोन बोटांनी टाइप करतो आणि माझी उद्गारचिन्हं काढून टाकतो. "येका भोकाला किती बोल्ट मारशील?" म्हणतो. मी जगाला स्वातंत्र्याची हाक देत असतो, तेवढ्यात बाहेर रस्ता हादरतो, आणि मामा माझं वाक्य अर्धं सोडून दाराशी जाऊन उभा राहतो. सावधान. ग्राफिक्स कार्ड अजून लुगड्यांखालीच आहे. त्या दोन्ही खाचांच्या बोर्डासाठी मी शिकवण्या करून थोडे पैसे बाजूला टाकलेत. त्या बोर्डाचं नाव विचारलं की मामा म्हणतो, "आता ध्यानात न्हाई." ज्याला दहा वर्षांपूर्वीच्या बोल्टाचे आटे पाठ आहेत, त्याच्या नेमकं हेच ध्यानात नाही!

तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच मी एकही घोषणा न देता एक विनंती करतो. शिरूरकडच्या मंडळींनो, घरातल्या आजोबांच्या बंडीचा खिसा एकदा बघा. फडताळातल्या कागदाखालीही बघा. पिवळं पत्रक सापडलं, तर माझी बाजू वाचू नका, त्यात काही नाही. उलटा. मागे शिसपेन्सिलीनं एक नाव लिहिलेलं असेल. तेवढं पोस्टकार्डावर उतरवून केडगावला माझ्या पत्त्यावर टाका. मामाला मात्र कळू देऊ नका.