मामांचा सायलेन्सर

माझ्या मामांइतका हट्टी माणूस वाशिम जिल्ह्यात दुसरा जन्मला नसेल, आणि जन्मला असेल तर घरच्यांनी त्याला वेळीच आवरलं असेल. रिठदला त्यांची पिठाची चक्की. लोक चक्कीला विजेची मोटर लावतात. मामांनी अकोल्याच्या भंगारातून रोटरी इंजिन उचलून आणलं. त्यात पिस्टन नसतो, तिकोनी रोटर गरागरा फिरतो, एवढ्यावरच गडी भाळला. ते पेट्रोल किती पितं, बोंबलतं किती, हे विचारणं त्यांना हलकेपणाचं वाटलं असावं. शेजारच्या शाळेत मास्तर पाढे सांगत, पोरांना नुसते ओठ हलताना दिसत. शेवटी हेडमास्तर ओट्यावर येऊन म्हणाले, "सोमवारपासून आवाज आला, तर चक्की बंद. पंचायतीत ठरलं हाय."

चक्की म्हणजे मामांची भाकर. शहाणा माणूस मोटर घ्यायला पळाला असता. मामांनी सायलेन्सर उघडला. आत भोकं पाडलेली नळी असते, तिच्याभोवती आवाज गिळणारं काहीतरी ठासावं लागतं. पण रोटरीचा धूर असा तापलेला, की ठासलेलं टिकत नाही. मामांनी आधी सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, ठासलं. का, तर "आपल्या मातीतलं हाय, टिकते." दहा मिनिटांत सगळ्या गल्लीला करपट वास. मग गादीतला कापूस. तो पेटून बाहेर उडाला आणि वाळत घातलेल्या लुगड्यावर बसला. मामी म्हणाल्या, "आता मलेच कोंबा त्याच्यात, म्हंजे गप बसन ते!"

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बी.एस्सी. झालोय, लपवत नाही. मी ग्लासवूल आणून दिलं. तासाभरात त्याचा वितळून गोळा झाला. "भाचेसाहेब, डिग्री पघळली तुमची," मामा म्हणाले. त्याचा राग मला अजून आहे. मग ह्या सातवी नापास माणसाने नळीला आधी मामीच्या स्टीलच्या घासण्या उकलून गुंडाळल्या, त्यावर भट्टीवाल्याकडून आणलेलं पांढरं सिरॅमिक वूल घट्ट बसवलं. रविवारी दिवसभर इंजिन चालवलं. टिकलं.

सोमवारी पाढे चक्कीपर्यंत ऐकू आले. पण दळण येईना. आमच्याकडे बाया घड्याळ बघून चक्कीवर जात नाहीत. आवाज ऐकला की डबा उचलतात. आवाज नाही म्हणजे चक्की बंद, असं समजून सगळ्या दुसऱ्या चक्कीवर गेल्या. "पाटी लावा," मी म्हणालो. "पाटी वाचून कोन दळन आनते, बे?"

गुरुवारी घरात पीठ असून मी ज्वारीचा डबा घेऊन गेलो. मामा ओट्यावर एकटेच. इंजिन चालू.

"काहून आला रे? आवाज आला काय तुले?"

"नाई मामा. पायरीपर्यंत आलो, तरी नाई आला."

जन्मात पहिल्यांदा मी त्यांची तारीफ केली होती. मामा खुशीत हसले. मग माझा डबा घेताना वाकून, माझ्या मागे कोणी उभं आहे का, ते त्यांनी बघितलं.