मी पास केलेले शब्द

ही गोष्ट सांगायची मी सहा वर्षं टाळली. बायकोला सांगितली नाही, मुलाला नाही, आणि जिला सांगायला हवी होती तिला तर नाहीच. दर वेळी कारण सापडायचं. आज घरी पाहुणे आहेत, आज तिचं डोकं दुखतंय, आज रविवार आहे, कशाला. आत्ता लिहायला बसलो तरी दोनदा उठून गॅस बंद आहे का पाहून आलो. बंदच होता.

चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये मी अठ्ठावीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. पत्र्याचे भाग मशीनवर दाबून निघायचे आणि ते गाडीत बसण्याजोगे आहेत की नाहीत हे मी ठरवायचं. समोर तीन ट्रे असत. हिरवा म्हणजे ओके, पिवळा म्हणजे दुरुस्ती, लाल म्हणजे भंगार. लाल ट्रेत चुकून चांगला भाग पडला तर फारतर एक भाग वाया जातो. पण हिरव्यात गेलेल्या भागाकडे पुन्हा कोणी बघत नाही. महिनाअखेरीला प्रॉडक्शनवाले माझ्याभोवती घिरट्या घालायचे. "राव, एवढ्याशा चिरेनं काय गाडी थांबणाराय का? सोडा की." मी सोडत नसे. पाठीमागे मला खडूस म्हणत आणि मला ते आवडायचं.

निवृत्त झालो तेव्हा मुलाचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. आम्ही मूळचे लातूरकडचे, पण आता मोशीत नवव्या मजल्यावर राहतो. सून पिंपळे गुरवची. चिंचवडला एका डिझाइन ऑफिसात इंजिनिअर होती. त्या वर्षी तिनं ठरवलं की परदेशात जाऊन एम.एस. करायचं. त्यासाठी एक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. गणिताची तिला भीती नव्हती. भीती होती इंग्रजी शब्दांची. शब्द असे, की रोज इंग्रजी पेपर वाचणाऱ्याच्याही तोंडात कधी येणार नाहीत.

"बाबा, मला रोज कुणीतरी विचारायला पाहिजे," ती एके दिवशी म्हणाली. "तुमच्या लेकाला बसवलं तर दहा मिनिटांत मोबाइल काढतो."

"माझं इंग्रजी ड्रॉइंग वाचण्यापुरतं आहे."

"मागच्या बाजूला मी मराठीत अर्थ लिहून ठेवते. मी सांगते ते जुळतंय का एवढंच बघायचं. भाग मापात आहे का बघायला गेज लावता ना, तसं."

गेज म्हटल्यावर मी तयार झालो. घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा पडून होता. जाड कागद, छापील बाजू आत दुमडली की दोन्ही बाजू कोऱ्या. मी दाराजवळ जमिनीवर बसून पट्टी लावून सारख्या मापाची कार्डं कापायला घेतली. बायको धावत आली. "गणपतीवर कात्री चालवू नका बरं! आन् लेकराचे शबुद चपलीपाशी ठेवू नका." मग प्रत्येक पत्रिकेतला गणपती वेगळा काढून देवघराच्या खणात ठेवला आणि उरलेल्या कागदाची कार्डं केली. बाजारातून तीन प्लास्टिकचे ट्रे आणले. हिरवा, पिवळा, लाल. नियमही कंपनीचेच. अर्थ आला की हिरव्यात, परत विचारायचा नाही. अडखळली की पिवळ्यात, उद्या पुन्हा. चुकला की लाल, वहीत दहा वेळा लिहायचा.

साडेसहाला ती ऑफिसातून यायची, हातपाय धुवायची आणि चहा घेऊन बाल्कनीत बसायची. "चला बाबा, इन्स्पेक्शन."

"ऑब्ड्युरेट."

"हट्टी. काही केल्या न बधणारा. आई, बाबांचा कंपनीतला फोटो कुठंय? या कार्डाला चिकटवते."

"चिकटव की," आतून बायको म्हणायची. "चाळीस वर्षं हाय माज्यापाशी त्यो शबुद. माजी कुणी परीक्षाच न्हाई घेतली."

सून घरात आल्यापासून तिच्याशी मी इतकं कधी बोललो नव्हतो. मी त्या पाऊण तासाची दिवसभर वाट बघायचो. दुपारी मी कार्डं पुन्हा पुन्हा नीट लावत बसायचो. हे लिहायचं कारण एवढंच, की पुढचं मी रागानं केलं असं कुणाला वाटू नये.

आमच्या वरच्या मजल्यावर माझ्याच वयाचे एक गृहस्थ राहायचे. मुलगा-सून परदेशात. एका दुपारी ते बाथरूममध्ये घसरले. त्यांच्या बायकोनं आमची बेल वाजवली आणि मी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मनगट मोडलं होतं. त्यांचा मुलगा फोनवर होता, तिकडं तेव्हा पहाट झाली नव्हती. तो मला काका, काका म्हणत एक्स-रेचा फोटो मागत होता. प्लास्टर घालेपर्यंत ते गृहस्थ एकच वाक्य बोलत होते, "त्याला म्हणावं झोप, त्याला म्हणावं झोप."

मी घरी आलो तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. ती कार्डं घेऊन बसली होती. माझ्या शर्टाला अजून दवाखान्याचा वास होता.

"एनर्व्हेट," मी वाचलं.

"जोर आणणं," ती म्हणाली. "अंगात उत्साह भरणं."

मी कार्ड उलटं केलं. तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: बळ काढून घेणं, दुबळं करणं. पार उलट. मी ते अक्षर वाचलं, नीट वाचलं, आणि म्हणालो, "बरोबर." कार्ड हिरव्या ट्रेत ठेवलं.

एकदाच केलं असतं तर थकवा होता म्हणून स्वतःला सोडवलं असतं. पण दुसऱ्या दिवशीही केलं. मग रोज. सगळे शब्द नाही, तसं केलं असतं तर तिच्या लक्षात आलं असतं. दोन-तीन. जे ती ठामपणे चुकायची ते. खात्रीनं चुकीचा अर्थ सांगितला की मी ‘बरोबर’ म्हणायचो आणि ती चूक पक्की व्हायची. कुठला भाग तपासणीतून सटकतो हे मला अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं.

एकदा ती म्हणाली, "बाबा, हिरव्यातले परत एकदा बघून घेऊ का?"

"कंपनीत ओके झालेला माल परत उघडत नाहीत," मी म्हणालो. हे खोटं आहे. उघडतात. हिरव्यातलेही नमुने काढून पाहायचे असतात, मी स्वतः पाहायचो. पण तिनं मान डोलावली. या बाबतीत माझा शब्द शेवटचा होता.

याहून वाईट पुढं आहे. महिन्याभरानं तिनं संगणकावर सराव परीक्षा दिली. उत्तरं तपासता तपासता ती मला हाक मारून म्हणाली, "हा शब्द तर ओके झाला होता ना? मी तेव्हा काय सांगितलं होतं?"

मी तिच्या मागे उभा होतो. तेव्हा सांगता आलं असतं. ‘पोरी, मी चुकलो’ म्हणालो असतो तरी तिनं हसून सोडून दिलं असतं, म्हातारा माणूस, चष्मा बदला म्हणाली असती.

"तेव्हा बरोबर सांगितला होतास," मी म्हणालो. "आता विसरलीस."

ती स्क्रीनकडे बघत राहिली. "असं कसं विसरले?" असं स्वतःशीच म्हणाली. नंतरच्या सराव परीक्षेतही तेच झालं, आणि त्यानंतर तिनं मला विचारणंही सोडलं. पाठ केलेलं टिकत नाही, असं तिनं गृहीत धरून टाकलं. सकाळी पाण्यात भिजवलेले बदाम खायला लागली. बायको दृष्ट काढायची. मी हे सगळं बघत होतो आणि रोज साडेसहाला ट्रे मांडत होतो.

परीक्षेत गणिताला तिला उत्तम गुण पडले. इंग्रजीत एवढे कमी, की ज्या विद्यापीठांची नावं तिनं कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवली होती त्यातल्या एकाचाही फॉर्म भरता येईना. मुलगा म्हणाला, "पुन्हा दे की. पुन्हा देता येते." मी त्याच खोलीत पेपर धरून बसलो होतो.

"नको," ती म्हणाली. "शब्दांचा प्रश्न नाहीये रे. माझं डोकंच पहिल्यासारखं राहिलं नाही. येत होतं ते विसरले, बाबांना विचार."

मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी पेपरचं पान उलटलं.

संध्याकाळी ती बाल्कनीत आली. मी ट्रे उचलत होतो. "बाबा, सॉरी," ती म्हणाली. "तुम्ही एवढी मेहनत घेतली आणि मी पाणी पाडलं त्यावर." मी "असू दे" म्हणालो. तिनं माझी माफी मागितली आणि मी ती घेतली.

ज्या भीतीनं हे केलं ती तशीही खरी ठरली. मुलगा चाकणलाच कामाला होता, दोन वर्षांनी तिलाही तिथं नोकरी लागली. दोघांचे रोजचे तीन तास नाशिक रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये जायला लागले, म्हणून त्यांनी तिकडंच घर घेतलं. मोशीत आम्ही दोघंच आहोत. रविवारी आम्ही तिकडं जातो. तिच्या फ्रिजवर, आरशावर, गाडीच्या डॅशबोर्डवर चिठ्ठ्या असतात. दूध, मीटिंग, आईंच्या गोळ्या. ती एकही गोष्ट कधी विसरलेली मी पाहिली नाही. तरी लिहिते.

गेल्या महिन्यात ती मटार सोलता सोलता सहज सांगून गेली, की कंपनीत तिला टीम लीडर करत होते. ती नको म्हणाली. "पंधरा माणसांचं काम डोक्यात ठेवायचं म्हणजे... माझ्याच्यानं होणार नाही बाबा. माझं डोकं तुम्हाला माहितीय."

मी उठलो, गॅलरीत गेलो, परत आलो, परत गेलो. बायको म्हणाली, "काय घिरट्या घालायलाव, बसा की गप." संध्याकाळी सून आम्हाला गाडीनं बसस्टॉपवर सोडायला आली. बायको पुढं बाकावर जाऊन बसली. मी गाडीच्या खिडकीशी थांबलो.

"बाबा, काहीतरी सांगायचंय ना तुम्हाला? दुपारपासून बघतेय."

तोंडाशी आलं होतं. मागून एका टेम्पोनं हॉर्न दिला. "चाकांत हवा कमी वाटतेय," मी म्हणालो. "भरून घे." तिनं मान हलवली आणि डॅशबोर्डवरच्या चिठ्ठीत लिहून घेतलं: हवा.

टेम्पो निघून गेला होता. रस्ता मोकळा होता. ती आणखी काही क्षण माझ्याकडे बघत थांबली होती, आणि मला एवढंच म्हणायचं होतं: पोरी, तू काहीच विसरली नव्हतीस. तुझं डोकं तेव्हाही धड होतं, आजही आहे. मी चुकीला बरोबर म्हणालो, तू विचारलंस तेव्हा खोटं बोललो, आणि वर तुझी माफी घेऊन बसलो. ती तुला परत करायला आलोय. मला माफ कर.