राहिलेला दिवाळसण

दत्ताराम भाऊजी वाडीतून आले, पायरीवर टेकले, पाणी मागितलं, आणि ताई तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. फोनवर ताईनं एवढंच सांगितलं आणि मी पनवेलहून निघालो. म्हसळ्याच्या रस्त्याला लागल्यावर खरं तर डोळे भरून यायला हवे होते. पण डोक्यात एकच चाललेलं... अंगणात ती लाल गाडी उभी असणार आणि मला तिच्याकडे बघावं लागणार. सख्ख्या बहिणीचा नवरा गेला आणि मला लाज वाटत होती एका गाडीची. आज महिना उलटला तरी ती लाज गेलेली नाही, म्हणून हे लिहितोय.

भाऊजी भात लावणाऱ्या घरातले. उमेदीची वर्षं मुंबईच्या बंदरात क्रेन चालवण्यात गेली. दिवसभर मुंगीच्या चालीनं लोखंड हलवणाऱ्या या माणसाला वेगाची भारी भूक होती. नोकरी सोडून गावी परतल्यावर त्यांनी अलिबागच्या एका बंगलेवाल्याकडून जुनी स्पोर्ट्स गाडी घेतली. रंग उडालेला, पण इंजिन ठणठणीत. "या वयात लोक देवाधर्माला लागतात, आमचे जावई गिअर टाकायला लागले," असं आमची आई म्हणायची. मासळी आणायच्या निमित्तानं ते बोर्लीला जायचे, पण मासळीसाठी जात नाहीत हे आता मासळीवालीलाही कळलं होतं. घाट तिसऱ्या गिअरवर चढायचा, हा त्यांचा अभिमान. वर पोचले की स्टिअरिंगवर थाप मारून म्हणायचे, "गाडी न्हाय रे ही, वाघ हाय."

या वाघाचं वाटोळं मी केलं. आणि केलं तेही मोठ्या प्रेमानं. ताईच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आमच्या वडिलांची गिरणी बंद होती. जावयाला दिवाळसणाला बोलावलं, आणि उपरणं-नारळावर बोळवण केली. भाऊजी कधी चकार शब्द बोलले नाहीत, पण वडील मरेपर्यंत म्हणत राहिले, "जावयाचा दिवाळसण राहिला." ते माझ्या मनात होतं. त्यात मला गाड्यांचे व्हिडिओ बघायचा नाद, म्हणजे अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला. एका दिवाळीला मी भाऊजींच्या गाडीसाठी इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत नवा सायलेन्सर आणला. चकचकीत, स्टीलचा, आणि मिळाला तेवढा रुंद. जेवढी नळी मोकळी तेवढी ताकद जास्त, असा माझा हिशेब. त्यांच्या ओसरीवर तो पाइप ठेवून मी म्हणालो, "भाऊजी, हा तुमचा राहिलेला दिवाळसण." ताईनं त्यांना पाटावर बसवलं आणि ओवाळलं, पाइपालाही कुंकू लावलं. भाऊजींनी उपरण्यानं डोळे पुसलेले मला दिसले.

पनवेलला गाडी नेऊन पाइप बसवला आणि आम्ही चौघं गावी परत निघालो. भाऊजी, ताई, त्यांची तेव्हा शाळेत जाणारी मनाली आणि मी. आवाज असा, की रस्त्याकडेची कोंबडी उडून कुंपणावर जात होती. घाट लागला. भाऊजींनी तिसरा टाकला... गाडी कण्हायला लागली. त्यांनी दुसरा टाकला. मग गुपचूप एसी बंद केला आणि काच खाली घेत म्हणाले, "बाहेरची हवा बघ कशी हाय. आवाज पण ऐकाया मिलतो." शेवटच्या वळणावर चिरे भरलेला एक टेम्पो हॉर्न देत आम्हाला मागे टाकून गेला. "जाऊ दे त्याला," भाऊजी म्हणाले, "त्याला घाई हाय." मी मान डोलावली. काय झालंय ते मला तिथेच कळलं होतं. बाहेर जाणारा वायू मागच्याला ओढून नेतो, म्हणून नळी बेताची लागते. वाडीतला पाट उगाच रुंद केला की पाणी रेंगाळतं, तसंच. लांब सपाट रस्त्यावर, इंजिन किंचाळायला लागल्यावर, थोडा फायदा होत असेलही. पण आमच्याकडे सपाट रस्ता आहे कुठे?

तेव्हाच बोललो असतो तर हसण्यावारी गेलं असतं. पण दिलेल्या दिवाळसणात खोट कशी काढायची? आणि जावयानं सासरच्या वस्तूला नाव कसं ठेवायचं? भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. भाऊजी बोर्लीच्या बाजारात ज्याला त्याला गाडीमागे नेऊन पाइप दाखवायचे, "आमच्या मेव्हण्यानं बसवला. गाडी नुसती उडते." आणि मी शेजारी उभा राहून ते कौतुक गोड मानून घ्यायचो. वर्षानुवर्षं. ताकदीचं गणित विचारणाऱ्यांना ते समजावूनही सांगायचो, हे आठवलं की आता कानशिलं तापतात.

तेराव्यानंतर मनाली माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसली. पोर पुण्याला नोकरी करते, गाडी बापासारखीच मन लावून चालवते. "मामा, गाडी देऊन टाकावी म्हणतेय," ती म्हणाली. "बाबा घाट तिसऱ्यावर चढवायचे. त्या पाइपनं उडते म्हणायचे. मला दुसरा लागतो, कधी तर पहिला. बाबांची गाडी माझ्या हाताला येत नाही रे. उगाच तिची माती होईल."

ती रडत नव्हती. तिनं स्वतःला नापास करून टाकलं होतं, बस. एवढी वर्षं भाऊजींनी आणि मी जपलेलं खोटं तिच्या डोक्यावर येऊन बसलं होतं. "तुझा हात चांगला आहे," मी म्हणालो. "पाइप चुकीचा आहे. मी आणला तेव्हापासून. मला माहीत होतं." तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

ताई ओटीवर तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "बोललास एकदाचा, सुहास," ती म्हणाली, आणि आम्हाला आत नेऊन माळ्यावरून एक गोणपाट खाली काढायला लावलं. आत गाडीचा मूळ सायलेन्सर होता. गंजाचा ठिपका नाही, सगळीकडे ग्रीस. "दर दसऱ्याला कोयत्या-कुऱ्हाडींबरोबर याची पण पूजा करायचे. मी म्हणायची, आवडत न्हाय तर बसवा की जुना परत. तर मलाच गप्प करायचे. म्हणायचे, सुहासच्या बापाचं राहिलेलं हाय ते, आपण नाव ठेवायचं न्हाय. तो आपणहून बोलला, तर हसत बदलू."

मी माझी अब्रू सांभाळत होतो, आणि ते माझ्या बापाची. ग्रीसमध्ये त्यांची बोटं उमटली होती, यंदाच्या दसऱ्याची. मनालीनं फडकं पुढे केलं. "आज राहू दे," मी म्हणालो.

"पूस," ताई म्हणाली. "तुझ्यासाठीच थांबले होते ते."

मनाली जॅक लावायला अंगणात गेली. मी खाली बसलो आणि बोटं नव्हती त्या टोकाकडून पुसायला घेतलं.