काचवालीचा अंगठा

काचवालीच्या आयुष्यात काही घडतच नसे, आणि हेच तिचं दुःख होतं. नवरा घरोघरी जाऊन खिडक्यांची मापं आणायचा. ती दुकानात काचा कापायची. पट्टी ठेवायची, कटर रॉकेलात बुडवायचा, एका दमात रेघ ओढायची, काच टेबलाच्या कडेवर आणायची आणि टक्! दोन तुकडे.

शनिवारी संध्याकाळी प्रार्थनासभा असे आणि सभेत साक्षीची वेळ. प्रभूनं आठवडाभरात कशातून वाचवलं, ते उभं राहून सांगायचं. उभी कोण राहायची? काचवालीची धाकटी जाऊ. ती कुरियरची पार्सलं स्कूटरवरून पोचवायची, त्यामुळे तिला संकटांचा तोटा नव्हता.

"बंधुभगिनींनो," धाकटी सुरू करायची आणि थांबायची. हे थांबणं काचवालीला पाठ होतं. एक, दोन, तीन, आता रुमाल डोळ्याला. "उतार होता. समोरून ट्रक. मी ब्रेक दाबला, तर ब्रेक कुठाय? ब्रेकच नाही!"

"अगं बाई!" मागच्या बाकावरची शिवणकामवाली आजी दचकायची.

"मी फक्त म्हटलं, येशू! आणि काय सांगू, ट्रकच बाजूला झाला!"

"हालेलुया!" अख्खा हॉल म्हणायचा. काचवालीही म्हणायची, पण तिच्या हालेलुयात लिंबू पिळलेलं असायचं.

"ट्रकला वळायचंच होतं," घरी येऊन ती नवऱ्यापुढे फणफणली. "आणि गेल्या महिन्यातली ती फांदी! ही स्कूटरवरून उतरेपर्यंत पडायची थांबली होती म्हणे."

"मग तूही दे की साक्ष."

"कशाची? सोमवारी खिडक्या कापल्या, मंगळवारी आरसा, बुधवारी परत खिडक्या. बसा बाई खाली, म्हणतील."

त्यातच पाळकसाहेबांनी जाहीर केलं, की पुढच्या महिन्यात बाहेरगावच्या मंडळ्या येणार आहेत, विषय आहे 'प्रभूचं संरक्षण', आणि आपल्यापैकी कोणी बोलायचं ते येत्या शनिवारी ठरवू. बोलता बोलता त्यांनी धाकटीकडे बघून मान हलवली. झालं! काचवालीच्या अंगाचा तिळपापड झाला.

बुधवारी सकाळी तिनं आपल्या धडधाकट अंगठ्याला पट्टी गुंडाळली. वर लाल औषधाचा एक थेंब टाकला. नवऱ्याला म्हणाली, "जरासं लागलंय." दुपारी शेजारणीला म्हणाली, "खोल गेलंय हो." संध्याकाळी दूधवाल्याला म्हणाली, "नस थोडक्यात वाचली. प्रभूनंच हात मागे ओढला बघा!" दूधवाल्यानं तोंडावर हात ठेवला. काचवालीला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

पण बातमी ऐकून सगळ्यांत आधी धावत आली ती धाकटी.

"ताई, उठा तिथून! हात पाण्यात घालायचा नाही."

"अगं, मी करते गं हळूहळू..."

"गप्प बसा. बसा म्हणते ना!"

तीन दिवस धाकटीनं पार्सलं वाटायच्या आधी थोरल्या जावेची भांडी घासली, लादी पुसली. शुक्रवारी उपासही केला. वर रोज तो अंगठा दोन्ही हातांत धरून डोळे मिटायची, "प्रभू, हा अंगठा तुझा आहे!" काचवालीला वाटायचं, घ्या, अंगठासुद्धा माझा राहिला नाही.

शनिवारी साक्षीची वेळ झाली तशी काचवाली ताठ उभी राहिली. पट्टी सगळ्यांना दिसेल इतका हात वर धरला. "बंधुभगिनींनो," ती म्हणाली, आणि थांबली. एक, दोन...

"थांबा ताई!" धाकटी उठलीच. "आधी बघू तरी, कितपत भरलीय जखम!" आणि काचवाली हात मागे घेते न घेते तोच तिनं पट्टीचं टोक धरून ओढलं. एक वेढा, दुसरा वेढा, तिसरा. आत अंगठा कसा, नुकत्याच सोललेल्या बदामासारखा.

"व्रणसुद्धा नाही," धाकटी कुजबुजली. मग तिचा आवाज चढला, "बंधुभगिनींनो! मी काल उपास केला होता!"

"हालेलुया!" हॉल उभा राहिला. आजी रडायला लागली.

काचवाली गप्प बसली असती तर तिची अब्रू वाचली असती. पण मग जन्मभर, ट्रक आणि फांदी यांच्या रांगेत तिचा अंगठा! तिचा स्वतःचा! ते तिला सोसवलं नाही.

"चमत्कार कसला डोंबलाचा!" ती ओरडली. "कापलंच नव्हतं!"

उभा राहिलेला हॉल मटकन खाली बसला.

"मग पट्टी कशाला?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"मला सांगायला काही नसतं म्हणून! हिला ट्रक, हिला फांदी. मला काय? सतरा वर्षं झाली काच कापतेय. रोज पहिली रेघ ओढायच्या आधी म्हणते, प्रभू, हात सांभाळ. आणि काही होतच नाही! एकदाही नाही. एकदा..." तिचा आवाज घसरला. आपलंच बोलणं तिला आत्ता ऐकू आलं होतं.

"सतरा वर्षं?" आजीनं आपली सुईनं टोचून टोचून खडबडीत झालेली बोटं चाचपली. "काचेत? आणि एकदाही नाही?"

काचवालीनं मान हलवली. डोळे भरून आले होते. "कधी आभारसुद्धा मानले नाहीत मी. वर खोटं बोलले. माफ करा."

पाळकसाहेबांनी खाली पडलेली पट्टी उचलून तिच्या हातात दिली. मग म्हणाले, "पुढच्या महिन्यात तुम्हीच बोला. हेच बोला. पट्टीची भानगडसुद्धा सांगा."

बाहेर पायऱ्यांवर धाकटीनं तिला गाठलं. "तीन दिवस भांडी! आणि उपास, ताई, उपास!"

"चुकलं गं माझं."

"माफ केलं. उद्यापासून तीन दिवस माझ्याकडची भांडी तुमची."

दुसऱ्या दिवशी काचवाली धाकटीच्या मोरीत बसली होती. धाकटी खुर्चीवर पाय हलवत चहा पीत होती. "केवढं काम केलं बघा प्रभूनं," ती समाधानानं म्हणाली. "थोरल्या जावेच्या हातून धाकटीची भांडी! आणि कशी लखलखीत! शनिवारी सांगितलंच पाहिजे."

काचवालीनं हातातलं पातेलं उजेडात धरून पाहिलं. तळाला एक डाग उरला होता. तो तिनं तसाच ठेवला.