फ्यूज ट्यूबलाइट आणि सासूबाईंची मशीन

माझ्या सासूबाईंच्या छातीत नागपूरला पेसमेकर बसवला आणि बिघाड माझ्या डोक्यात झाला.

घरी सोडताना डॉक्टरांनी फार थोडं सांगितलं होतं. मोबाइल छातीशी धरू नका, उजव्या कानाला लावा. इंडक्शनच्या शेगडीवर वाकू नका. वेल्डिंग चालू असेल तिथे थांबू नका. बाकी टीव्ही, फ्रिज, मिक्सर खुशाल वापरा! माझ्या नवऱ्याने, म्हणजे प्रमोदने, मान डोलावली. आई "बरं बाप्पा" म्हणाल्या. मायलेक लिफ्टकडे निघालेसुद्धा. मी मात्र तिथेच खिळले. काडेपेटीएवढी एक डबी आईंच्या गळ्याच्या हाडाखाली बसून त्यांचं काळीज चालवणार होती! आणि कुठूनशी एखादी न दिसणारी लहर येऊन तिला गोंधळात पाडू शकत होती! मी सौंसरच्या शाळेत मराठी शिकवते. विज्ञान मला अजिबात कळत नाही, त्यामुळे त्याचा दरारा फार वाटतो. (ज्यांना कळतं त्यांना इतका वाटत नाही, असं मी पाहिलं आहे.)

पांढुर्ण्याला घरी परतल्यावर मी लहरी मोजायचं एक मीटर मागवलं. दिसायला टीव्हीच्या रिमोटसारखं. वस्तूजवळ नेलं की टुकटुक करायचं.

"हे काय होय व?" आईंनी विचारलं.

"आई, घरात लहरी किती हायत ते पाहून राहिली."

"दिसतात का?"

"नाही ना! तेच तर!"

फ्रिजजवळ ते टुकटुकलं. मिक्सरजवळ टुरटुरलं. वायफायच्या डबीजवळ तर असं कोकललं की प्रमोद अंघोळीतून टॉवेल गुंडाळून बाहेर आला. मी थक्क होऊन स्वयंपाकघराच्या मधोमध उभी होते. जिथे मी इतकी वर्षं पोळ्या लाटल्या, तिथे गळ्यापर्यंत भरलेला अख्खा समुद्र होता आणि आम्ही त्यात कोरडेच्या कोरडे वावरत होतो! एवढी अफाट गोष्ट घरात आणि आपल्याला पत्ता नाही, या विचाराने अंगावर काटा आला. त्याच काट्यासकट मी कामाला लागले.

इंडक्शन माळ्यावर गेलं. मिक्सर कपाटात. (डॉक्टर हो म्हणाले होते, पण त्यांनी आमचा मिक्सर कुठे पाहिला होता!) चटणी पाट्यावर वाटायची, म्हणजे मीच वाटायची. वायफाय बंद. आणि टीव्ही? तो घरात, आई अंगणात! खिडकी उघडून मी त्यांना खुर्चीवर बसवलं, की बघा आता मालिका.

"सुनंदे, मले मालिकेतली सून दिसून नाही राहिली, नुसता पंखा दिसून राहिला!"

"आवाज तर येते ना, आई?"

"मशीन माह्या छातीत हाय का तुह्या?"

शाळेतही मी गप्प बसले नाही. मीटर घेऊन स्टाफरूम पालथी घातली. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे विजेचा मोठा बोर्ड आहे, तिथे यंत्राने हंबरडा फोडला. "सर, तुम्ही वर्षानुवर्षं याला पाठ लावून बसून राहिले!" मी कळवळून म्हटलं. दुपारी सरांचं टेबल व्हरांड्यात दिसलं आणि दुसऱ्या सकाळी त्यांच्यासमोर उशिरा येणारे सगळे शिक्षक आयतेच सापडले. त्यानंतर स्टाफरूममध्ये मला कोणी चहा विचारेना.

शेवटी प्रमोद वैतागला. "आईले घेऊन वावरात जाऊ. तिथं ना टीव्ही, ना वायफाय. मोकळी हवा. तुझ्या लहरींपासून सुट्टी!"

मला हे एकदम पटलं. आमचं वावर, म्हणजे शेत, तिगावकडे. माझे दीर, गजूभाऊजी, तिथली संत्र्याची बाग पाहतात. रविवारी दुपारी आम्ही पोहोचलो, मी गाडीतून उतरले, मोठा श्वास घेतला आणि वर पाहिलं.

बागेवरून हायटेन्शन लाइन गेली होती.

म्हणजे ती पूर्वीपासूनच होती. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिच्याखाली संत्री खाल्ली होती. पण त्या दिवशी पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला. घूंऽऽ असा, मोहोळासारखा. मीटर बाहेर काढलं तर ते एकदाच किंचाळलं आणि कायमचं बंद पडलं! मी नागपूरच्या डॉक्टरांना फोन लावला.

"मॅडम, खालून चालत गेल्या तर काही होत नाही," ते म्हणाले. "फक्त तारांखाली खाट टाकून बसवू नका म्हणजे झालं."

आम्ही आईंची खाट पार विहिरीजवळ, कडुलिंबाखाली नेली. तिथून आई निवांत संत्री सोलू लागल्या. मी मात्र तारांकडे तोंड करून पहारा देत उभी.

दिवेलागणीला गजूभाऊजी झोपडीतून एक जुनी ट्यूबलाइट घेऊन आले. दोन्ही टोकांना काळी पडलेली, पूर्ण फ्यूज.

"वहिनी, तुमाले लहरी पाहाच्या होत्या ना? चाला, दाखवतो."

आईंना जागचं हलू नका असं बजावून मी त्यांच्यामागे गेले. (मी नको म्हणायला हवं होतं. पण लहरी पाहायच्या तर होत्याच ना!) तारांखाली उभं करून त्यांनी ट्यूब माझ्या हातात दिली. "आता उभी धरा."

मी धरली. आणि ती पेटली!

ना वायर, ना बटन! माझ्या मुठीच्या वर ट्यूबमध्ये फिकट निळसर उजेड थरथरत होता. मूठ वर सरकवली की उजेड आखूड व्हायचा, खाली नेली की लांब. मी पुन्हा पुन्हा सरकवून पाहिलं. डोळ्यांत पाणीच आलं हो! इतके दिवस जिला शत्रू समजून घराबाहेर हाकलत होते ती वीज ही होती. कुठल्या दूरच्या शहरांचे दिवे लावायला निघालेली, आणि वाटेत माझ्या हातातल्या भंगारालाही जागं करून जाणारी. हिचाच एखादा थेंब आईंच्या छातीत बसला होता. त्या थेंबावर आई उठत होत्या, भांडत होत्या, संत्री सोलत होत्या. मी भीतीही विसरले आणि घरही विसरले.

"वहिनी, बस झालं, या आता," गजूभाऊजी मोबाइलवर व्हिडिओ काढत म्हणाले.

"थांबा ना भाऊजी, जरा तिकडून पाहू द्या!" असं म्हणत मी वर पाहतच मागे सरले आणि बागेच्या तारेच्या कुंपणाला माझं कोपर लागलं.

चट्!

एवढीशी ठिणगी. (वरच्या लाइनमुळे खालच्या कुंपणातही थोडी वीज उतरते, हे मला नंतर कळलं.) पण मी जी आरोळी ठोकली ती तिगाव स्टेशनपर्यंत गेली असावी! ट्यूब एकीकडे, चपला दुसरीकडे आणि मी ओलिताच्या पाटात, चिखलात उताणी. डोळे उघडले तर वर आईंचा चेहरा. विहिरीपासून त्या पळत आल्या होत्या! मशीनसकट!

"आई, इथं नका येऊ!" मी चिखलातून किंचाळले. "लाइन हाय!"

"चूप बस! ऊठ, माह्या हाताले धर!" आणि त्या हृदयरोगी बाईने मला एका झटक्यात बाहेर ओढलं.

पांढुर्ण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आमच्याकडे पाहिलं. एक म्हातारी, स्वच्छ लुगड्यात, संत्र्याची फोड चघळत. एक सून, कानापर्यंत चिखल. आईंचे कागद पुढे करून मी म्हटलं, "यांना पेसमेकर आहे, आधी यांना तपासा." त्यांनी तपासलं. नाडी घड्याळासारखी! मग माझं बीपी घेतलं आणि मला आडवं पडायला सांगितलं. पट्ट्या लावून माझाच कार्डिओग्राम निघाला. आई उशाशी बसून माझ्या केसांतला चिखल काढत होत्या.

"घाबरू नोको," त्या हळूच म्हणाल्या. "लागलंच तर तुलेही बसवू एक मशीन."

त्या रात्री आमच्याकडे मिक्सरवर चटणी झाली आणि आईंनी घरात बसून मालिका पाहिली. मी शेजारी बसले होते. अधूनमधून त्यांच्या खांद्याखालच्या उंचवट्याकडे माझी नजर जायची आणि हात जोडावेसे वाटायचे.

सोमवारी शाळेत गेले तर भाऊजींचा व्हिडिओ माझ्याआधी सौंसरला पोहोचला होता. एरवी पाया पडायला धावणारी पोरं दारातूनच नमस्कार करून राहिली.

"काहून रे, जवळ या ना!"

"नाही मॅडम, तुमच्यात अजून करंट हाय म्हणतात."

मी आवाज चढवणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून एक पोरगी अगदी आदराने उठून उभी राहिली.

"मॅडम, लाइट गेली हाय. फळ्यावरचं दिसून नाही राहिलं. तुम्ही जरा ट्यूबले हात लावता का?"